गॅसवरचं दूध

पिपलानीच्या कॉलनीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले काका मूळचे नागपूरचे. काकू गेल्यापासून ते एकटेच राहतात. रिकामं भांडं परत करायचं नाही, ही काकूंची रीत मात्र त्यांनी सोडलेली नाही. आम्ही भाजी पाठवली, की संध्याकाळी वाटीत साखर घालून ते आमच्या दारात उभे राहतात आणि उभ्या उभ्या कोलेस्टेरॉल समजावतात.

"लोकांना वाटते, ते रक्तवाहिनीला भोक पाडून घुसते. बिलकुल नाही! अस्तराच्या पेशी स्वतः त्याचे कण उचलतात, आपल्या पोटातून पलीकडे नेऊन सोडतात. मग ते भिंतीत अडकतात. घरचेच आत घेतात ना जी!"

हे ऐकून माझे कान किटलेत. तरी मी दरवेळी म्हणतो, "काका, आत या ना."

"नको, गॅसवर दूध ठेवलंय," म्हणत ते वळतात. डॉक्टरांनी दूध-तूप बंद केल्यापासून ते कोरा चहा पितात, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे.

काल घरात पाहुणे होते. मी नुसतीच वाटी घेतली, आत बोलावलं नाही. काका हलले नाहीत. हळूच म्हणाले,

"आज दूध नाही ठेवलं गॅसवर."