त्याच ढगातले

दादाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेलो, तर हॉलमध्ये देव्हाऱ्याहून मोठी तसबीर. अंतराळातल्या वायूच्या ढगाचे तपकिरी खांब, कडांनी कुरतडल्यासारखे.

"वारुळं आहेत का रे ही?" आईनं विचारलं. पाहुणे हसले.

"अगं, यांच्या पोटात नवे तारे तयार होतायत," दादा म्हणाला.

"मग खांब असे झिजलेत कशानं?"

"आधी जन्मलेल्या मोठ्या ताऱ्यांच्या प्रखर किरणांनी. वायू उडून जातो, मग आतल्या कित्येकांची वाढ तिथंच थांबते."

"आणि ते मोठे कुठले?"

"त्याच ढगातले, आई."

दादा इंजिनीयर होत होता तेव्हा आई शिलाई मशीनवर वाकली, ती पुन्हा सरळ झालीच नाही. माझी पाळी आली तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं. बारावीनंतर मी दुकानात लागलो. दादानं मुद्दाम काही केलं, असं मी म्हणणार नाही. प्रकाशाला कुठं कळतं, आपण काय जाळतोय ते? आणि लांबून बघणाऱ्याला तर ते झिजणंच देखणं दिसतं. पाहुणे मघापासून 'काय सुंदर, काय सुंदर' करत होतेच.

जेवणं झाल्यावर फोटोची टूम निघाली. आई तसबिरीला टेकून उभी होती.

"आई, जरा बाजूला हो ना," दादा म्हणाला, "तारे झाकले जातायत."

आई सरकली. तिच्याबरोबर, कुणी न सांगता, मीही सरकलो.