वकिलाले उत्तर

आमच्या ख्रिस्ती घरात नाताळच्या दुपारी जेवणं उरकली की बाबा टेपरेकॉर्डर काढायचे. रेडिओवर पूर्वी लागलेली एक रहस्यमय श्रुतिका त्यांनी भागामागून भाग कॅसेटवर उतरवून घेतली होती. त्यात एक खून, एक धूर्त वकील आणि एक भोळी घरमालकीण. खुनी कोण हे आम्हा चौघांनाही तोंडपाठ होतं. तरी दरवर्षी ऐकायचो, कारण खरी मजा ऐकण्यात नव्हतीच, उत्तरं देण्यात होती.

श्रुतिकेतली माणसं अगदी पुणेरी बोलायची. वकील म्हणायचा, "आपली अनुमती असेल तर आत येऊ का?" की आई करंजी मोडता मोडता म्हणायची, "ये ना बाप्पा, काऊन उभा राह्यला थंडीत?" बाबा ओरडायचे, "घेऊ नको त्याले घरात, लबाड हाये तो!" सगळ्यांत वरचा आवाज ताईचा. "भुलू नको व बाई त्याच्या गोड बोलण्याले! डोये फुटले काय तुये?" हसून हसून पोट दुखायचं. शेजारचे विचारायचे, तुमच्याकडे ऐन सणालाच भांडणं कशी होतात?

आता बुलढाण्याच्या या घरात मी एकटा आहे. आईबाबा गेले, लग्न मी केलं नाही. ताईला पुण्याला दिली. आधी ती दर नाताळला यायची. मग मुलांच्या परीक्षा आल्या, मग गुडघे, मग नातवंडं. मी चिखलीच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, तेव्हा शब्दांना तोटा नाही, ऐकणाऱ्यांना आहे. गेल्या नाताळला एकट्यानेच वकिलाला शिव्या देऊन पाहिल्या. इतकं भकास वाटलं की कॅसेट अर्ध्यात बंद केली.

यंदा मीच ताईला म्हणालो, "नाताळच्या दुपारी मी फोन टेपजवळ ठेवतो. तू तिकून आयक. दोघं मिळून झाडू त्या वकिलाले."

"हाव, लाव," ती म्हणाली. तिच्या तोंडून किती वर्षांनी 'हाव' ऐकलं! त्या एका शब्दावर माझा महिना मजेत गेला.

नाताळला फोन लावला. तिच्याकडे माणसांचा गलका होता. नातीच्या होणाऱ्या सासरची मंडळी पहिल्यांदाच जेवायला आली होती. "तू लाव, मी ऐकतेय," ताई हळूच म्हणाली. मी कॅसेट सुरू केली. वकील बोलायला लागला तसा मी दणकून ओरडलो, "आला पाह्य लबाड! ताई, सोडू नको त्याले!"

तिकडे कुणीतरी खळखळून हसलं. ती ताई नव्हती. एका बाईंनी विचारलं, "अय्या, कोण आहेत हो हे?"

"गावाकडचे आहेत एक," ताई म्हणाली.

मला फार लागलं. फोन आपटावासा वाटला. पण तो ठेवला की उरलेली दुपार मी आणि टेपरेकॉर्डर, एवढंच राहणार होतं. श्रुतिका पुढे चालली होती. मालकीण कागदावर सही करायला निघाली, तरी ताई गप्पच. शेवटी मीच, वर्गात बोलायचो तसा, एकेक अक्षर स्वच्छ उच्चारत म्हणालो, "बाईसाहेब, सही करण्यापूर्वी कृपया तो मजकूर एकदा वाचून घ्यावा."

"अगं बाई, किती सुंदर बोलतात!" त्या बाई म्हणाल्या.

"हो ना," ताई लगेच म्हणाली, "माझा धाकटा भाऊ आहे तो."