शेजाऱ्याचं ताट

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या टाकानिनी भागात मी आणि आई राहायला आलो त्या दिवशी कुंपणापलीकडून एक डोंगर हात हलवत "कीया ओरा" म्हणाला आणि मी नकळत पोट आत ओढलं. सवय आहे. उपयोग शून्य.

शेजारी माझ्याच वयाचा, पन्नाशीचा. सामोअन आईबापांचा मुलगा, इथेच दक्षिण ऑकलंडमध्ये वाढलेला. शाळेतच त्याचा आकार बघून एका अमेरिकन कॉलेजने त्याला उचललं आणि पुढे बरीच वर्षं तो तिकडे व्यावसायिक फुटबॉल खेळला. पायाने खेळायचा नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. तो त्यात लाइनमन. एकदा त्याने मला जुन्या मॅचचं रेकॉर्डिंग दाखवलं. मी आपला बॉल शोधतोय.

"बॉल सोड, मेट," तो म्हणाला. "मी कधी बॉलजवळ नव्हतोच. मला बघ."

बॉल फेकणाऱ्यापर्यंत कोणी पोचू नये म्हणून भिंतीसारखं उभं राहायचं, हे त्याचं काम. प्रत्येक वेळी समोरच्याचं डोकं याच्या डोक्यावर. स्क्रीनवरून तो आवाज यायला लागला तशी त्याची बायको उठून आत गेली.

आता त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. सर्जनने बजावलं होतं, आधी वजन उतरव, मग ऑपरेशन. नाहीतर व्हीलचेअर.

हे मी आईला नीट समजावलं होतं. पण आईच्या मते वजन वाढतं ते बाहेरच्या बर्गरने. घरची पोळी, वरणभात, वर साजूक तूप, याने माणूस नुसता धडधाकट होतो. माझ्याकडे बघूनही तिचं हे मत बदललं नव्हतं.

दुपारी तो काठी टेकत यायचा. "आई, हंग्री," म्हणायचा. माझं ऐकून तोही तिला आईच म्हणायला लागला होता.

"घे रे, लाजू नकोस. एवढा देह आणि दोनच पोळ्या?" आई मराठीतच आग्रह करायची. तो ताट पुसून खायचा. मग आई माझ्याकडे वळायची. "बघ. नाहीतर तू, टाकून उठणारा."

मी त्याला एकदा हळूच म्हटलं, "अरे, नको म्हण. ती रागावणार नाही."

"जमत नाही," तो म्हणाला. "खेळायचो तेव्हा वजन घटलं की टीममधली जागा गेली. पोट फुटायला आलं तरी समोरची प्लेट संपवायची, हीच नोकरी. कधीकधी खाताना रडायचो, मेट." आणि हसला. आईने तेवढ्यात आणखी एक पोळी वाढली. ती त्याने संपवली.

मग एका शनिवारी त्याची बायको आली. शाळेची बस चालवते, आवाज खणखणीत, पण त्या दिवशी हळू बोलत होती. वजन वाढलं होतं. ऑपरेशन पुढे ढकललं होतं.

"तो घरी जेवतो," ती म्हणाली. "जेवलेलं विसरतो. मग तुमच्याकडे येतो. त्याच्या डोक्यातून गोष्टी जायला लागल्यात. ते काही परत येणार नाही म्हणतात. निदान पाय तरी..." तिने वाक्य सोडून दिलं. "आला तर सांगा, तुझं जेवण झालंय. तो विश्वास ठेवतो."

मी आईला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "दारात आलेल्याला असं सांगू?"

दुसऱ्या दिवशी तो आला. मी पुढे व्हायला लागलो, तर आईने मला हाताने मागे सारलं आणि स्वतः दार अडवून उभी राहिली.

"आई, हंग्री."

"यू ईट," आई म्हणाली. "फिनिश."

आत कुकरची शिट्टी झाली. भाताचा वास दारापर्यंत आला. त्याने एकदा तिच्या खांद्यावरून आत पाहिलं, मग खाली. काहीतरी हरवलेलं शोधावं तसा थोडा वेळ तसाच थांबला.

"सॉरी, आई," तो म्हणाला. "वॉज इट गुड?"

"गुड."

"स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे इकडच्या बोलीत झकास. काठी टेकत, दुसऱ्या हाताने कुंपण धरत तो घरी गेला. आईने गॅस बंद केला.

"परत वजन कधी करणार त्याचं?"

"दोनेक महिन्यांनी."

"तोवर रोज?"

"रोज," मी म्हणालो.

तिने मला वाढलं. आग्रह केला नाही.