सुमनमावशींचे पेशंट

फ्रिस्कोमध्ये मुलाच्या शाळेबाहेर गाड्यांच्या रांगेत होते, तेव्हा कॅरनचा फोन आला. पेन्सिल्व्हेनियातल्या माझ्या जुन्या क्लिनिकची ही नर्स. "सुमन गेली. हार्ट अटॅक. कालपर्यंत काम केलं तिने," असं म्हणाली आणि लगेच विचारलं, "आता पेशंट कोण बघणार?" मला रागच आला. माणूस जाऊन तास झाला नाही, आणि ही... पण खरं सांगते, डॉ. सुमनमावशींनीही हेच आधी विचारलं असतं. दीड महिना झाला, अजून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

स्टेट कॉलेज नावाच्या शहरापासून तासाभरावरचं ते गाव. फॅमिली डॉक्टर तिथे टिकत नाहीत. आम्हा परदेशी डॉक्टरांना व्हिसापायी तीन वर्षं अशा गावात काढावी लागतात, चौथ्या वर्षी जो तो पळतो. मावशी तिशीत आल्या आणि राहिल्याच. नवीन डॉक्टर आणायचं कामही त्यांच्याचकडे, आणि त्यात त्या अगदी कच्च्या. हॉस्पिटलवाले उमेदवाराला नदी-डोंगर दाखवायचे. मावशी त्याला गाडीत घालून अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांच्या घरी फिरवायच्या, वर सांगायच्या, "कोथिंबीर हवी तर तासभर ड्राइव्ह करायचं." निम्मे लोक परत जाऊन कॅन्सल करायचे. "मावशी, थोडं गोड बोला ना," मी म्हणायचे. "गोड बोलून आणलेला पहिल्या बर्फात जातो गं," हे त्यांचं उत्तर.

मी तर सगळं खरं ऐकून आले होते, तरी गेलेच. तीन वर्षं संपली त्याच आठवड्यात राजीनामा दिला. नवऱ्याचा जॉब, मुलाची शाळा... कारणांना काय तोटा. मावशींनी थांब म्हटलं नाही. वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या जागी कोणी आलं की कळवते." चार वर्षांत कळवलं नाही. कोणी आलंच नव्हतं. दोघींचे पेशंट त्या एकट्या बघत होत्या, आणि मीही फोनवर कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. त्या एकदा तरी रागवायला हव्या होत्या.

पंधरा दिवसांनी जाऊन आले. त्यांच्या खोलीत कॅरनने टेबलाच्या खणातून एक जाड वही काढली. "नव्या डॉक्टरसाठी वर्षभर लिहीत होती. पण आम्हाला कोणालाच वाचता येत नाही."

सगळी वही मराठीत. एकेका पेशंटला एक पान, नावाऐवजी नुसती आद्याक्षरं. "छातीत दुखतं हे हा कधीच सांगणार नाही, बायकोला विचार." "हिची गोळी वाढवण्याआधी दहा मिनिटं बोलू दे." ... त्या अख्ख्या काउंटीत मराठी वाचणारं कोणी नाही. मावशींना हे माहीत नव्हतं?

"इंग्रजीत करून देशील?" कॅरनने विचारलं. मी हो म्हणून वही घेऊन आले. आता ती स्वयंपाकघरात ओट्यावर असते. रोज वाचते, काही पानं पाठ झालीत. नवरा विचारतो, झालं का भाषांतर? एक ओळ झालेली नाही. ते करून पाठवलं, की मी पुन्हा सुटले.