रोह्याच्या गॅलरीतली मधपेटी

टेम्पोत गाद्या, भांडी, पंखा, शिलाई मशीन सगळं चढलं आणि मधपेटी माझ्या मांडीवर आली. पेटीच्या तोंडाला बारीक जाळी बांधलेली, आत सातेरी मधमाश्यांची गुणगुण, आणि ड्रायव्हर जमेल तितका दाराला चिकटून बसलेला. नवऱ्याला रोह्याच्या कंपनीत नोकरी लागली होती, कॉलनीत क्वार्टर मिळालं होतं. माझं माहेर-सासर एकाच गावात, त्यामुळे गाव सुटायची ही पहिलीच वेळ. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पेटीवर हात ठेवला. "माशी रमली म्हंजे तूबी रमलीस, असं समजंन मी." बाकी कुणाच्या डोळ्यांत टिपूस नाही. "रोह्याला तर चाललीस गो, दुबईला नाय!" गागोद्याकडच्या माझ्या माणसांनो, तुमचं ते हसणं मला अजून टोचतं. अंतर थोडं, म्हणून माझं जाणं तुम्ही जाण्यात धरलंच नाहीत.

आमच्याकडे पेटी परसात, जांभळाखाली. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. मधाचा धंदा नव्हता, आबांना आणि मला तो नाद होता. पेटी उघडायची, एकेक चौकट उजेडाकडे धरायची, राणी दिसली की आबांना कोपराने ढोसायचं. निघेल तो मध शेजारपाजारच्यांच्या खोकल्यावर संपून जाई.

इथे दुसरा मजला, पेटी गॅलरीत. खाली कापलेलं लॉन आणि शोभेची झाडं, माशी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तरी तिने जमवून घेतलं असतं. पण कॉलनीत डासांची तपासणी करणारे येतात आणि साचलेलं पाणी दिसलं की ओतून टाकतात. मी बाजारात गेले होते, नाइट शिफ्ट करून आलेल्या नवऱ्याने झोपेतच दार उघडलं, आणि त्यांनी माझ्या चारही वाट्या पालथ्या केल्या. मुंग्या चढल्या, माश्या पेटी सोडून गेल्या. आबांनी माश्यांची दुसरी वसाहत पाठवली. मी त्या लोकांच्या विनवण्या केल्या. "साचलेलं पाणी म्हणजे साचलेलं पाणी, बाई." वाट्यांत तेल घातलं, तर कचरा समजून सफाईवालीने तेही फेकलं. पुन्हा मुंग्या, पुन्हा रिकामी पेटी. नवरा म्हणाला, "त्यापेक्षा भरतकाम का करत नाहीस?" त्या दिवशी त्याला डबा दिला नाही.

तिसऱ्या वेळी आबा स्वतःच माश्या घेऊन आले, चार दिवस राहिले. तपासणीवाले आले तेव्हा ते पेटीसमोर आडवे उभे. वाद झाला, आवाज चढले, आणि त्यांच्यादेखत वाट्या ओतल्या गेल्या. आबा लालबुंद झाले. "हे गाव माशीचं नाय नि माणसाचंबी नाय. कपडे भर, पेटी उचल, चल घरी."

खरं तर अगदी हेच मी नवऱ्याला रोज ऐकवत होते. पण आबांच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. "समोरच्या पोरीला डेंग्यू झालेला, आबा. मरता मरता वाचली. ती लोकं त्यांचं काम करतात. नि माणसाचं नाय म्हंजे काय? आम्ही कोण मग हितं?"

बोलून मीच चपापले. "बरं गो," आबा म्हणाले, चहा प्यायले आणि पेटी तिथेच ठेवून दुपारच्या गाडीने परत गेले.

त्या माश्याही गेल्याच, शिमग्याच्या आत. मी अजून धुसफुसतेच आहे, आणि आबांना सांगितलंय, आणखी एक वसाहत द्या. रमले का म्हणाल, तर छे! इथली हवा नको वाटते, शिफ्टचे भोंगे नको वाटतात, त्या तपासणीवाल्याचं तर तोंडही बघू नये असं वाटतं. पण रोह्याला नावं ठेवायची तर ती मी ठेवीन. दुसऱ्या कुणी ठेवली तर मला खपत नाही, मग ते आबा का असेनात.