दोन बोटं उघडी खिडकी

नामदेवभाऊ गेल्याचं त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी इथं डेहराडूनला, लेकीच्या घरी, दोन बोटं फट ठेवून खिडकी लावत होते. त्याला आता महिना होऊन गेला. त्यांच्या गावी, आर्वीला, जाणं जमलं नाही. माझी शाळा पाचवीतच सुटली, लिहायचं म्हटलं की छातीत धडधडतं. पण एक गोष्ट सांगायची राहून गेलीय.

ऐंशी सालाच्या आसपास नामदेवभाऊ आर्वीहून यात्रेची बस चालवायचे. चालतं घरच ते. मागची बाकं काढून गाद्या टाकलेल्या, टपावर भांडीकुंडी नि सरपण. माझा नवरा गेल्यावर त्या बसवर स्वयंपाकाचं काम मला त्यांनीच मिळवून दिलं, वर माझ्या चार वर्षांच्या लेकीला, शोभाला, सोबत न्यायची परवानगीही मालकाकडून काढली. हिवाळ्यात हरिद्वारकडे जाताना त्यांची एक रीत होती. मुक्कामाच्या चुलीत विटा तापवायच्या, गोणपाटात गुंडाळून म्हाताऱ्यांच्या पायाशी ठेवायच्या. आणि कितीही गारठा असो, गाडीची एक काच दोन बोटं उघडी. कोणी कुरकुरलं की म्हणायचे, "मावशे, थंडीनं नाक लाल होते, बंद गाडीत जीव जाते. लाल नाक परवडलं!"

एका खेपेला शोभाला ताप होता. सकाळी निघताना मी शेगडीत निखारे घेतले, वर राख पसरली. भाऊंनी पाहिलं.

"गाडीत विस्तव नाई न्यायचा, सुमन."

"काऊन भाऊ? धूर थोडीच होऊन राह्यला?"

"जे दिसत नाई तेच वाईट असते. ठेव खाली."

मी हो म्हटलं... आणि ते पुढे चढल्यावर शेगडी गुपचूप मागच्या कोपऱ्यात सरकवली, काचा ओढल्या, आडवी चादर बांधली. मनात म्हटलं, आमच्या गावी, आंजीला, बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवतातच की! शोभाच्या वेळी मीही तसाच शेक घेतला होता. तासाभरात माझं डोकं जड झालं. पोरीचं कुडकुडणं थांबलं, तेव्हा मला बरंच वाटलं, म्हटलं, झोपली. मग तिचा हात उचलला, तर तो तसाच खाली पडला.

मी ओरडले. भाऊंनी गाडी थांबवली, तिला उचलून धुक्यात, उघड्यावर नेलं, मग सगळ्या काचा उघड्या टाकून थेट दवाखाना गाठला. तिथं ती उलटी करून रडायला लागली. तेवढं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

प्रवासी भडकले. "शेगडी आत ठेवली कोणी?" मी शोभाला पदराखाली ओढलं. भाऊ म्हणाले, "म्याच सांगतलं ठेवाले. चुकलं माझं." पुढची खेप मालकानं दुसऱ्या ड्रायव्हरला दिली. माझं काम टिकलं. मला ते एवढंच बोलले, "आंजीच्या घराले कौलं आहेत सुमन, फटीतून वारा येते. या डब्याले कौलं नाईत."

हे मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. शोभालाही नाही. ती दर हिवाळ्यात चिडते, "आई, शेगडी पेटवायची नि वर खिडकीही उघडी, हे काय खूळ तुझं?" फोन आला त्या दिवशी मात्र तिला सगळं सांगितलं. मग ती उठून खिडकीपाशी गेली, फटीत आपली दोन बोटं घालून पाहिली, आणि काच जराशी आणखी उघडली.