पातळ रक्ताचा इलाज

टेंभुर्णीच्या दूध संकलन केंद्रावर पुंजाराम बसला, की भल्याभल्यांच्या किटल्या घाबरायच्या. दुधात लॅक्टोमीटर सोडायचा, डिग्री वाचायची आणि समोरच्याच्या तोंडावर म्हणायचं, ‘‘पाणी हाय.’’ या दोन शब्दांवर उभी हयात गेल्यामुळं त्याची खात्री पटली होती, की जगात जे काही बिघडतं ते पाण्यानंच.

सून आकांक्षाला सातवा लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘हिमोग्लोबिन थोडं उतरलंय. या दिवसांत रक्त पातळ होतंच. गोळ्या चालू ठेवा.’’ पुंजारामच्या कानात एकच शब्द शिरला. घरी येऊन त्यानं बायकोला बजावलं, ‘‘सुनंचं पाणी कमी करा. रक्त पातळ झालंय.’’

‘‘रक्ताला काय म्हशीचं दूध समजून राह्यले का?’’ उषाबाई म्हणाली.

‘‘डिग्री उतरली म्हंजी पाणी. मंग दुसरं काय असतंय?’’

पोटातल्या लेकराला पुरावं म्हणून बाईच्या अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. त्यातलं पाणी तांबड्या पेशींहून जास्त वाढतं, म्हणून आकडा उतरतो. पण निसर्गाची ही भेसळ पुंजारामला मंजूर नव्हती. माठ त्याच्या बाजेजवळ आला. सासऱ्याला पाणी मागायचं कसं, या संकोचात आकांक्षा सुकत गेली आणि एका दुपारी भाकरी थापता थापता भोवळ येऊन पडली. दवाखान्यात सलाईन लावलं, तर हा म्हणतो, ‘‘वरून पुन्हा पाणीच चढवून राह्यले?’’ डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर काढलं.

आकांक्षा बाळंतपणाला माहेरी, जाफराबादला गेली. मुलगी झाली. नवराबायको नातीला बघायला गेले, तेव्हा बाळंतीण घामानं निथळत होती. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळतं, तिथलं रक्त अंगात परततं आणि जादाचं पाणी घाम-लघवीवाटे निघून जातं. पुंजारामला मात्र आपलाच इलाज फळलेला दिसला.

‘‘निघालं बघा. आता सव्वा महिना पाणी बेतानं द्या, बिलकुल बराबर होईल.’’

आकांक्षा लेकीला पाजत होती. घशाला कोरड पडलेली. तिनं पदर सारखा केला, उशाचा तांब्या उचलला आणि सासऱ्याच्या देखत, तोंडही न फिरवता, गटागटा रिकामा केला.

‘‘आत्याबाई, अजून द्या,’’ ती म्हणाली. ‘‘आन् मामा, पडले तव्हा मी एकटी न्हव्हते. पोटात ही बी होती.’’

उषाबाई तांब्या भरून आली. मधे पुंजाराम बसलेला. तिनं तो त्याच्याच हातात दिला.

‘‘द्या पुढं,’’ ती म्हणाली.